एक्केचाळिसावं मिनिट

जुनी डीव्हीडी माझ्याकडे होतीच.
नवी ब्लू-रे खोडेलीवनं काउंटरवरून पुढे सरकवली,
चोवीस युरोंचं लेबल नखानं खरवडत:
"घरी ने. बघ. आणि सांग,
पुन्हा पैसे मोजावेत असं त्यात काही आहे का."
माझं कामच ते.
महिन्याला दोन रकाने, शेवटी पाचपैकी तारे.

अँटवर्पच्या बंदरावर एका हिवाळ्यात उरकलेला सिनेमा.
हिरे घेऊन पळालेला कारकून,
त्याच्या मागावर लंगडा इन्स्पेक्टर,
आणि धुकं.
धुक्याला इतकं काम, की सर्वांत जास्त पगार
त्यालाच दिला असावा.

दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले.
डावीकडे जुनी, उजवीकडे नवी,
दोन रिमोट, दोन अंगठे, पेन्सिल दातांत.

डावीकडे रात्र होती.
उजवीकडे निळी काच लावून काढलेली दुपार.
डावीकडे इन्स्पेक्टरची जखम भळभळत होती,
उजवीकडे तिची कड सुटलेली, कोपऱ्यात डिंक.
गोदामाचं लोखंडी दार वाऱ्यानं थरथरलं:
पुठ्ठा.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
बिचाऱ्यांनी तेही आणलं होतं, चाळीस वर्षं,
अंधाराच्या उधारीवर.

मी लिहिलं: झाकली मूठच बरी होती.
लिहिलं: आवाज तोच, भोंगा वाजला की संवाद बुडतात.
पुरवणीत दिग्दर्शकाची मुलाखत;
पाऊण तास तो फक्त सेटवरच्या जेवणाबद्दल बोलतो.
दोन तारे.

मग एक्केचाळिसावं मिनिट.
सातव्या धक्क्यावर प्रेत सापडतं,
दोरखंडांच्या वेटोळ्यात, कुशीवर,
तोंड अर्धं आपल्याकडे.
डावीकडे: एक ओला काळा डाग. पुरता मेलेला.
उजवीकडे: स्वेटरचे टाके मोजता येतात,
कोपरावर वेगळ्याच लोकरीचं रफू,
कानाच्या पाळीला ग्रीस.
आणि छाती वर आली.

मागे नेलं. पुन्हा आली.
दोनदा. दुसऱ्या वेळी ओठांपुढे
वाफेचा एवढासा पुंजका.
मेलेला माणूस थंडीत श्वास सोडतो
आणि लंगडा इन्स्पेक्टर टोपी काढून म्हणतो,
"याला जाऊन सहा तास झाले."
एकटाच मोठ्यानं हसलो.
वहीत टिपलं: अक्षम्य.

सकाळी दुकानात हेच रंगवून सांगितलं.
ती हसली नाही.
"लाव," म्हणाली, कोपऱ्यातल्या टीव्हीकडे हात करून.
एक गिऱ्हाईक पैसे धरून उभं होतं, तसंच राहिलं.

ती पडद्यापासून वीतभर अंतरावर.
"स्ताफ. माझा मोठा भाऊ. क्रेनवर होता.
एका रात्रीचे पाचशे फ्रँक दिले होते
आणि येनेव्हरची बाटली.
त्या डीव्हीडीत मला तो कधी सापडलाच नाही.
आईला दाखवायचे, तो काळा दिसतो ना, तोच.
ती म्हणायची, ते पोतं आहे."

केव्हा गेला, मी विचारलं नाही.
तिनं रफूवर बोट टेकलं. काचेवर ठसा उठला.
"राखाडी लोकर संपली होती तेव्हा."
मग वाफ आली.
"त्यांनी बजावलं होतं, श्वास रोखून धर.
स्ताफनं कधी कुणाचं ऐकलंय?"

गिऱ्हाईक खाकरलं.

घरी येऊन 'अक्षम्य' खोडलं.
रकाना उद्या द्यायचाय, ताऱ्यांची जागा कोरी आहे.
खाली एवढंच लिहिलंय:
चित्र स्वच्छ. आवाज जुनाच.
ज्यांना प्रेत मेलेलंच हवं
त्यांनी आधीची प्रत जपून ठेवावी.

चोवीस युरो तिनं माझ्याकडून पुरते घेतले.